पाचशे रुपयांत केबिन नवी? आधी डॅशबोर्ड उलटा करून बघा

सध्या पिकअपवाल्यांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक सख्खा मेव्हणा. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीच्या केबिनचा आतला रंग बदलायला पेंटर कशाला? पेट्रोलने पुसा, हार्डवेअरच्या दुकानातून कुठलाही स्प्रे आणा, काहीही न खोलता टेप लावून मारा. पाचशे रुपये, एक दुपार. सीटला आणि बेल्टलाही तोच रंग. क्रीम घेतलात तर गाडी थंड राहते. आणि खाली लाल अक्षरांत: आतला रंग बदलल्यावर आरसीत नोंद करा, नाहीतर आरटीओ दंड लावेल.

पेंटर लागत नाही, एवढं मला मान्य आहे. माझी २००९ ची महिंद्रा पिकअप मी आतून स्वतः रंगवली. दोनदा. दुसऱ्यांदा का, तर पहिल्यांदा जवळपास याच पद्धतीने रंगवली होती.

आधी ते "कुठलाही स्प्रे". सगळी गोची इथे आहे. डॅशबोर्डचा किंवा दाराच्या पॅनलचा एखादा भाग काढून उलटा करा. मागच्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार सांगणारी बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, बहुतेक वेळा पीपी किंवा एबीएस. एबीएस रंग धरतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या बादल्या आणि खुर्च्या ज्याच्या असतात ते. त्याला रंग चिकटतच नाही, नुसता वर बसून राहतो. माझ्या दाराचा हात टेकायचा भाग पीपीचा निघाला. रंगवल्यावर महिनाभर छान दिसला, मग एक दिवस कोपर घासून कड उचलली गेली. नखाने धरून ओढली तर वीतभर पट्टा उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा अखंड निघून हातात आला आणि खाली जुना राखाडी रंग जसाच्या तसा.

यावर उपाय आहे आणि तो बंपर रंगवणाऱ्या प्रत्येक पेंटरला माहीत असतो: प्लास्टिकचा प्रायमर. दुकानात "पीपी प्रायमर" म्हणून मागा. पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे काही मारलंय असं वाटतच नाही. पण रंग टिकतो तो त्याच्यामुळेच. तुकडा पाण्यात तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस, अशीही एक युक्ती सांगतात. साध्या पीपीला ती लागू पडते. पण गाडीच्या पीपीत बऱ्याचदा टाल्क, म्हणजे मऊ दगडाची पूड, मिसळलेलं असतं, आणि ते पुरेसं असलं की पीपीही बुडतं. कोरलेली अक्षरं वाचा, बादली राहू द्या.

आता पेट्रोल. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने बहुधा चेनवरचं ग्रीस पुसलं असेल, डॅशबोर्ड नाही. पेट्रोलने एबीएसला बारीक तडे जातात, तेही लगेच नाही, काही दिवसांनी. मीटरची पारदर्शक काच (ती काच नसतेच, प्लास्टिकच असतं) धुरकट होऊ शकते. शिवाय बंद केबिनमध्ये पेट्रोलची वाफ आणि वर स्प्रेचा गॅस, जो बहुतेक डब्यांत एलपीजीच असतो. एखाद्याने सवयीने विडी पेटवली तर पुढचं सांगायला नको. खरं तर घालवायची असते ती वर्षानुवर्षं चोळलेली डॅशबोर्ड पॉलिश. तिच्यातलं सिलिकॉन राहिलं की ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मग ६०० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने, आणि पुन्हा पुसणं. माझी एक अख्खी दुपार नुसत्या धुण्यात गेली.

"काही न खोलता" म्हणणाऱ्याच्या गाडीत बसून बघा: एसी जाळीच्या कडेला, स्विचच्या बगलेत जुना रंग डोकावत असतो. खोलायचंच. बॅटरीची वायर आधी काढा. दाराच्या पॅनलच्या क्लिपा पंधरा वर्षांत कडक झालेल्या असतात, निम्म्या तुटतात, म्हणून डझनभर आधीच आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. स्क्रू मी अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, प्रत्येक खड्ड्यात एका भागाचे. रंग मारताना डबा वीतभर लांब धरून तीन-चार पातळ हात, बाहेर, मोकळ्या हवेत, तोंडावर चांगला मास्क लावून. आणि पावसाळ्यात नकोच. हवेतल्या ओलाव्याने रंग पांढरट पडतो.

सीटचं सांगतो. रेक्झिन वाकतं, साधा रंग वाकत नाही. पहिल्याच आठवड्यात शिवणीपाशी भेगा. रेक्झिनसाठी वेगळा लवचिक रंग येतो, तो दारावरच्या तुकड्याला ठीक आहे. पण रोज दहा तास घामेजून बसायची सीट रंगवण्यापेक्षा कुशनवाल्याकडून नवं रेक्झिन चढवून घ्या. बेल्टला काहीच लावू नका. रंगाने त्याचा पट्टा कमजोर होऊ शकतो, आणि तो शोभेसाठी नाही.

क्रीमबद्दल अर्धं खरं आहे. उन्हात उभ्या गाडीचा काळा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो, फिका त्याहून कमी. पण डॅशबोर्डचा वरचा भाग फिका असला की त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. खात्री करायची तर भर दुपारी, गाडी उभी असताना, डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल पसरा आणि काचेतून रस्ता बघा. म्हणून मी वर काळपट मॅट ठेवला आणि क्रीम खाली, दारांना.

पाचशे? दोन डबे रंगातच ते संपतात. प्रायमर, कागद, अल्कोहोल, क्लिपा धरून माझे साडेतीन हजार गेले, सीट वेगळी. आणि तीन दिवस.

राहिला आरटीओ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल अशा फेरफाराबद्दल आहे. आरसीवर जो रंग असतो तो बाहेरच्या बॉडीचा. आतलं पॅनल राखाडीचं क्रीम झालं म्हणून नोंद करायला काही बदललेलंच नसतं. रंगवल्यानंतर माझी गाडी पासिंगला जाऊन आली, आतल्या रंगाचं कुणी नावही काढलं नाही.

मेव्हण्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा त्याने पेट्रोलची बाटली भरून ठेवलेली होती. ती त्याच्या मोटारसायकलच्या टाकीत ओतायला लावली. शनिवारी पान्हे घेऊन जातोय.