‘तीन वर्षं थांब’ म्हणे!

आज उरलेल्या दिवाळी फराळावर सगळे जमलो होतो आणि आमच्या ग्रुपमधल्या एका विद्वानाने तोंडात चकली असतानाच फोन काढून मला एक एक्सेल शीट दाखवली. व्हाइट सॉक्सची, म्हणजे आमच्या शिकागोच्या बेसबॉल क्लबची, २०२८ची टीम! कोण कुठल्या पोझिशनला, तेव्हा कोणाचं वय किती, कोण अजून मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, बसने फिरतोय, सगळं हिरव्या-पिवळ्या रंगात रंगवून. मी फक्त एवढंच म्हटलं की यंदा एखाद-दोन अनुभवी माणसं घ्या ना, चाळिशीतला का असेना एखादा पिचर (आपला बॉलर म्हणा), तर हा हसला आणि म्हणाला, "अगं म्हाताऱ्यांवर कशाला पैसे घालायचे, तीन वर्षं थांब, रिबिल्ड पूर्ण होऊ दे."

तीन वर्षं थांब. मी घरी आले, डबे अजून टेबलावर तसेच पडलेत आणि मी हे टाइप करत बसलेय.

जे बेसबॉल बघत नाहीत त्यांना थोडक्यात सांगते. रिबिल्ड म्हणजे आपले चांगले, महागडे खेळाडू विकायचे, बदल्यात विशी-बाविशीतली पोरं घ्यायची, मग तीन-चार वर्षं मनसोक्त हरायचं आणि पब्लिकला सांगायचं की हा प्लॅन आहे. आमच्या सॉक्सने हे डिसेंबर २०१६मध्ये सुरू केलं. क्रिस सेल, आमचा सगळ्यात भारी पिचर, बॉस्टनला दिला. २०१८मध्ये बॉस्टन वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जिंकलं तेव्हा शेवटची विकेट (आउट म्हणा, जुनी सवय) काढणारा सेलच होता. आणि आम्ही त्या वर्षी १०० मॅच हरलो. बरं, २०२० आणि २०२१ला प्लेऑफला गेलो, मान्य, नाही म्हणत नाही. पण पुढे काय? २०२३ला १०१ हार, २०२४ला १२१, म्हणजे आधुनिक बेसबॉलमध्ये कुणीच एका सीझनमध्ये एवढ्या मॅच हरलेलं नाही, आणि २०२५ला १०२. त्याच २०२४मध्ये सेल अटलांटाकडून १८ मॅच जिंकून साय यंग अवॉर्ड घेऊन गेला. ३५ वर्षांचा. ज्याला पोरं आणायला विकला तो म्हातारा होऊन बेस्ट पिचर ठरला आणि आमची पोरं कुठायत? अर्धी परत विकली, पुढच्या रिबिल्डसाठी!

२०२४च्या उन्हाळ्यात आबा आले होते कोल्हापूरहून. त्यांना म्हटलं चला, मॅच बघू. जुलैचा शेवट, रॉयल्सविरुद्ध, आमचा तो सलग २१ हरण्याचा जो काळा अध्याय आहे ना, त्याच्या मधोमध. रेड लाइनने ३५व्या स्ट्रीटला उतरलो, आत गेल्यावर आबांना एलोटे घेऊन दिलं, मक्याचे दाणे, चीज, मेयो, वर तिखट, ते खाऊन म्हणाले "चांगलंय, पण तिखटाला तिखट न्हाई." मग मॅच सुरू. तिसऱ्या इनिंगपर्यंत गप्प बसले आणि मग, "सगळे फुलटॉसच टाकतंय की ते, तरी लागंना व्हय ह्यांना?" आजूबाजूला सगळ्यांना वाटलं मी कशाला एवढी हसतेय.

त्याच्या आदल्याच दिवशी आमचा शॉर्टस्टॉप डीजाँग विकला होता. कोणाला? रॉयल्सलाच. समोर जे खेळत होते त्यांनाच! हे आबांना समजावताना माझी दमछाक झाली. "म्हणजे कुस्त्या चालू असताना आपला पैलवान समोरच्या तालमीला दिला?" हो आबा. "का?" पुढच्यासाठी, आबा. त्यावर त्यांनी मैदानाकडे बघत विचारलं, "ह्या पोरांचा वस्ताद कोण हाय मग?"

मला उत्तर देता आलं नाही. कोच आहेत म्हटलं. ते म्हणाले कोच वेगळा, आखाड्यात उतरून अंगावर डाव टाकून दाखवतो तो वस्ताद. कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत तरुणपण काढलेला माणूस आहे, त्यांच्याशी यावर वाद घालायचा नसतो.

आता लगेच कोणीतरी लिहील की त्या टीममध्ये म्हातारे होते की. होते! माल्दोनादो ३७ वर्षांचा कॅचर, बॅटिंग ॲव्हरेज .११९, म्हणजे शंभरात जेमतेम बारा हिट, मी स्वतः शिव्या घातल्यात त्याला. पण ती भरती कशी होती ते बघा. फॅम घेतला, डीजाँग घेतला, आणि जुलै संपायच्या आत दोघंही विकून मोकळे. माणूस घेतानाच जर ठरलंय की तीन-चार महिन्यांनी विकायचा, तर तो पोरांना काय शिकवणार? त्याची बॅग तरी पूर्ण उघडली असेल का?

आणि हरून मिळतं काय, तेही ऐका. निदान पहिला ड्राफ्ट पिक (नवी पोरं निवडायचा पहिला नंबर) मिळेल म्हणून सगळे मनाची समजूत घालत होते ना? १२१ हरलो आणि पिक मिळाला दहावा. दहावा!! कारण नवीन लॉटरीच्या नियमात मोठ्या मार्केटच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं वरचे पिक मिळत नाहीत. म्हणजे इतिहासात सगळ्यात वाईट खेळलो आणि ते हरणंसुद्धा वाया गेलं. यावर माझ्या एक्सेलवाल्या मित्राचं म्हणणं काय, तर "दहावा पण चांगला मिळालाय." अरे बाबा.

हो, कब्जनी, शिकागोच्याच दुसऱ्या टीमने, रिबिल्ड करून दाखवलं. २०१२ला १०१ हरले आणि २०१६ला जिंकले, १०८ वर्षांनी. मला माहितीये, या शहरात राहते मी, रोज ऐकते. ॲस्ट्रोसनीही केलं, पण त्यांच्या २०१७च्या ट्रॉफीबद्दल बोलायचं तर आधी कचऱ्याचा डबा बडवून मग बोला (समोरच्यांचे इशारे चोरून डबा बडवून आपल्या बॅटरला कळवायचे ते).

त्यापेक्षा २०२५ची वर्ल्ड सिरीज बघा ना! टोरांटो २०२४ला ८८ मॅच हरून आपल्या डिव्हिजनमध्ये शेवटचे होते. त्यांनी काय केलं? दुकान बंद केलं नाही, मॅक्स शर्झरला घेतलं. वय तेव्हा ४०, एक डोळा निळा, एक तपकिरी, अंगठा दुखरा. सीझनभर त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितका कमी तितका चांगला) पाचच्या वर होता, हे मी लपवत नाही. पण प्लेऑफमध्ये सिॲटलविरुद्ध पाचव्या इनिंगला मॅनेजर त्याला काढायला माउंडवर आला तर हा असा अंगावर ओरडला की मॅनेजर गुपचूप मागे फिरला, आणि पुढच्याच बॅटरला याने घरी पाठवलं. डगआउटमधली पोरं कठड्यावर चढून वेड्यासारखी हसत होती. ते बघून मला आबांचा प्रश्न आठवला. तिथे वस्ताद होता, आणि वस्ताद एक डाव राखून असतो.

वर्ल्ड सिरीजच्या गेम सेव्हनला, म्हणजे शेवटच्या निर्णायक मॅचला, परत तोच उतरला, ४१व्या वर्षी. कोल्हापुरात तेव्हा रविवारची पहाट, आबा चहा घेऊन व्हिडिओ कॉलवर, "दोन डोळ्यांचा हाय का आज?" (सगळ्यांनाच दोन असतात आबा, पण कळलं मला.) टोरांटो शेवटी हरलं, पण कसं, तर नवव्या इनिंगला जिंकायला दोनच आउट हवे असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली म्हणून. त्याचं वय? ३६. म्हणजे म्हाताऱ्यांना हरवायलासुद्धा म्हाताराच लागला.

टोरांटोकडे पैसा होता, ग्वेरेरो होता, सगळं मान्य. आणि म्हाताऱ्यांचं कधी अब्रेऊसारखंही होतं, आमचा लाडका अब्रेऊ, ॲस्ट्रोसनी तीन वर्षांचे साडेअठ्ठावन्न मिलियन कबूल केले आणि दीड वर्षात नारळ दिला. म्हणून तर म्हणतेय, एका वर्षाचा करार करा. मी कुठे म्हणतेय अख्खी टीम म्हाताऱ्यांची करा? टील खेळू दे, मीडरॉथ खेळू दे, मला आवडतात ती पोरं. पण त्यांच्या शेजारी लॉकर असलेला एक तरी माणूस असा हवा ज्याने ऑक्टोबर, म्हणजे प्लेऑफ, बघितलाय.

राग खरं तर त्या "थांब"चा आहे. थांबायला सांगणारा कोण? आमचे मालक राइन्सडॉर्फ स्वतः १९३६ सालचे. १९८१पासून टीम त्यांच्याकडे आहे, आणि २०२१च्या सीझनसाठी त्यांनी ७६ वर्षांचा मॅनेजर, आपला जुना दोस्त ला रुसा, रिटायरमेंटमधून उठवून आणला. तेव्हा नाही कोणी म्हणालं की तरुण रक्त पाहिजे! मालकाला म्हातारा चालतो, फक्त पगार मागणारा म्हातारा चालत नाही.

आबांची पंच्याहत्तरी होऊन गेली. गुडघे गेलेत, आता एवढा लांबचा प्रवास नको म्हणतात, आणि मीही आग्रह करत नाही. पण दर रविवारी कॉलवर तब्येत, पाऊस, उसाचं बिल झालं की विचारतातच, "आपली टीम काय म्हणती?" आपली! एकच मॅच बघितली माणसाने, तीही हरलेली. त्यांना मी २०२८ची एक्सेल शीट पाठवू?

२०२५चा सीझन संपल्यावर व्हर्लँडर हा पिचर फ्री एजंट होता, म्हणजे करार संपून मोकळा. तेव्हा ४२ वर्षांचा, २६६ मॅच जिंकलेला, ३०० करायच्यात म्हणणारा. त्या वर्षी जायंट्सकडे ४ जिंकल्या, ११ हरल्या, हो, बघितलंय मी, पण ईआरए ३.८५ होता, तेवढ्यावर आमच्याकडे हसत हसत खेळला असता. तेव्हाच आबांना कॉल करून सांगितलं की असा असा एक माणूस आहे, घ्यायला पाहिजे. त्यांचा पहिला प्रश्न, "पगार किती?" २०२५ला १५ मिलियन डॉलर होता म्हटलं. "रुपयात सांग." नाही सांगितलं. बीपी आहे त्यांना.