बाईंचं पत्र आणि साहेबांचा फ्लेक्स

महिन्याच्या सुरुवातीला आमच्या आमदारबाईंचं पत्र ईमेलने येतं. आमदार हा माझा शब्द. इथे न्यू जर्सीत त्या असेम्ब्लीच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाच्या, सदस्य. या वेळची पहिली बातमी होती कागद फाडण्याची. शनिवारी सकाळी टाउनशिपच्या पार्किंगमध्ये श्रेडिंगचा ट्रक उभा राहणार, बँकेचे जुने कागद घेऊन या, घरटी चार खोकी, पैसे नाहीत. त्याखाली घरपट्टीचा काही भाग परत देणाऱ्या 'अँकर' योजनेच्या अर्जाची मुदत. मग अग्निशमन दलाला मिळालेलं अनुदान आणि त्या भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत बाईंचा फोटो. अगदी शेवटी, बारीक अक्षरात, त्यांनी मांडलेल्या विधेयकांचे क्रमांक.

मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'आमदार असा हिशेब देतो.' हा आगाऊपणा परदेशात राहणाऱ्याला जडतोच. सांगलीहून मामांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: "तुझ्या बाई रात्री अकराला फोन उचलतात का रे?"

नाही उचलत. ऑफिस पाचला बंद होतं, पुढे मशीन बोलतं.

मामांच्या प्रश्नामागे गेल्या वर्षीची एक रात्र आहे. मामींना एका धर्मादाय रुग्णालयात न्यावं लागलं. काउंटरवर आधी अनामत मागितली, तीही मामांच्या पेन्शनला झेपणारी नव्हती. मामांनी आमदारांच्या पीएला फोन लावला, पीएने रुग्णालयात कुणाला तरी लावला आणि अर्ध्या तासात खाट मिळाली, सवलतही मिळाली. तेव्हापासून साहेबांविरुद्ध कुणी ब्र काढला तर मामा खवळतात.

आता यातली गंमत बघा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. म्हणजे मामींना मिळालं ते कायद्याने त्यांचंच होतं. साहेबांनी दिला तो फक्त फोन. पण मामांच्या हिशेबी खाट साहेबांनी दिली, आणि साहेबांच्या पीएनेही तो गैरसमज दूर केला नाही. का करेल?

इथवर आलं की हात शिवशिवतात लिहायला, की अमेरिकेत हक्क आणि आपल्याकडे उपकार. तसं लिहिलं असतं तर ग्रुपवरच्या चुलतभावाने (तो डॅलसला असतो) अंगठाही दिला असता. पण ते खरं नाही. २०२० च्या करोनात इथे लाखोंच्या नोकऱ्या एकदम गेल्या आणि बेरोजगार भत्त्याचे अर्ज तुंबले. माझ्या शेजाऱ्याचा अर्ज कित्येक आठवडे 'प्रलंबित' दाखवत होता, फोन लागत नव्हता. शेवटी कुणीतरी सांगितलं, आमदाराच्या ऑफिसला कळव. त्याने कळवलं, तिथून विचारणा गेली, पैसे आले. तोही त्या आमदाराला दुवा देतो. चिठ्ठी इथेही चालते. फक्त तिला 'कॉन्स्टिट्युअंट सर्व्हिस' असं इस्त्रीचं नाव आहे.

आणि पुठ्ठ्याचा चेक? तो फ्लेक्सचाच धाकटा भाऊ. आपल्याकडे गटारावरचं झाकण बसलं तरी 'आमदारांच्या विशेष प्रयत्नांतून' असा फलक लागतो, त्यावर चाळीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. इथे फलक नाही, पण जनतेचाच पैसा जनतेला देताना हसरा चेहरा मध्ये उभा राहतोच. शिवाय हे अनुदान ठरलं कसं, ते पत्रात नसतं. न्यू जर्सीचा अर्थसंकल्प राज्यघटनेप्रमाणे ३० जूनपर्यंत मंजूर व्हावा लागतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत आमदार आपापल्या भागाची कामं त्यात टांगत जातात. इथल्या राजकारणात त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात, कारण प्रत्येकजण झाडाला आपला एक दागिना लावतो. कुणाला किती आणि का, यावर चर्चा व्हायला वेळच उरत नाही. एकदा, २०१७ साली, मुदत टळली आणि सरकारी बागा-किनारे बंद पडले. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी मात्र लोकांसाठी बंद असलेल्या सरकारी किनाऱ्यावर कुटुंबासह खुर्ची टाकून बसलेले विमानातून टिपले गेले. मुंबईत २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार कोटींहून अधिकच्या पुरवणी मागण्या (म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाच्या) आल्या, त्या मंजूर करताना कुणाच्या घशात घास अडकला नाही. दोन्ही घरी मातीच्याच चुली.

मग मला हेवा कशाचा वाटतो? त्या बारीक अक्षरांतल्या क्रमांकांचा.

जून २०२४ मध्ये इथे सरकारी नोंदी मागण्याच्या कायद्यात बदल झाला. हा कायदा म्हणजे आपल्या माहिती अधिकाराचा इथला भाऊबंद. पूर्वी सरकारने कागद दडवले, तुम्ही कोर्टात गेलात आणि जिंकलात, तर वकिलाचा खर्च सरकार द्यायचं. बदलानंतर तो मिळवणं बरंच अवघड झालं. वर्तमानपत्रं आणि नागरिक संघटना ओरडत होत्या, तरी झालं. त्या महिन्याच्या पत्रात यावर अक्षर नव्हतं. श्रेडिंगच्या ट्रकची तारीख तेवढी होती. पण मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला आणि कुणी हो म्हटलं, कुणी नाही, कोण गैरहजर, सगळी नावं समोर आली. जानेवारी २०२४ मध्ये याच मंडळींनी आमदारांचा पगार वर्षाला ४९ हजार डॉलरवरून ८२ हजारांवर नेण्याचा कायदा केला, २०२६ पासून लागू. तोही असाच शोधता येतो. पत्र लपवतं, क्रमांक चुगली करतो.

आपल्याकडे विधेयक बहुतेक वेळा आवाजी मतदानाने मंजूर होतं. 'होय'चं बहुमत. त्या आवाजात आपल्या साहेबांचा आवाज होता की ते कँटीनमध्ये होते, हे मतदाराला कळायचा मार्ग नाही आणि खरं सांगायचं तर मतदाराने कधी विचारलेलंही नाही. २०२४ साली कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून जनसुरक्षा विधेयक आलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, लोकांनी बारा हजारांहून अधिक सूचना पाठवल्या. एवढा लोकांचा सहभाग मी तरी दुसऱ्या कुठल्या विधेयकावर ऐकलेला नाही. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. मी ग्रुपवर विचारलं, आपले आमदार त्यावर काय बोलले? सोळा जणांनी मेसेज वाचला. उत्तर नाही.

हे नेहमी असंच होतं असंही नाही, आणि सांगली जिल्ह्याने तरी ते विसरू नये. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागेंनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्या प्रयोगातून पुढे राज्याचा रोजगार हमी कायदा उभा राहिला, १९७९ पासून अमलात आला, आणि त्याचा खर्च भागवायला १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लागला. पगारपत्रकातली ती दोनशे रुपयांची कपात आठवते ना, ती ही. शहरी पगारातून दुष्काळी भागातल्या हाताला काम; दिल्लीने तसा कायदा २००५ मध्ये केला. आमदारकीचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही, आणि त्यासाठी कुणाच्या घरासमोर पेव्हर ब्लॉक बसवावे लागले नव्हते.

साहेबांची बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी ३ लाख ९० हजार लोकांमागे एक आमदार. इथे सुमारे २ लाख ३० हजार लोकांमागे तीन: एक सिनेटर, दोन असेम्ब्लीचे. त्यात आपल्याकडे महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या होत्या. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता. नगरसेवकच नसेल तर तुंबलेल्या गटाराचा फोन आमदारालाच जाणार. वर हातात वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी. ज्याच्या हातात फावडं दिलं, त्याला लोक खड्डाच दाखवणार.

आणि हे सगळं सांगणारा मी कोण? ग्रीन कार्डवाला, म्हणजे बाईंना मत देऊ शकत नाही. पत्र मात्र येतं, कारण घरपट्टी भरतो. पासपोर्ट भारताचा, त्यामुळे परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, मी इथे एडिसनमध्ये बर्फाच्या फावड्यांची किंमत बघत होतो.

तरी परवा हिय्या करून मामांकडून पीएचा नंबर घेतला. सांगलीत सकाळचे दहा, इथे मध्यरात्र उलटून गेलेली. पहिल्या रिंगला उचलला, हे मान्य करायलाच हवं. नमस्कार-चमत्कार झाले, मामींची चौकशीही त्यांनीच केली. मग मी विचारलं, गेल्या अधिवेशनात साहेब कुठकुठल्या विधेयकांवर बोलले, त्याची यादी मिळेल का?

पलीकडे थोडी शांतता.

"सर, तुमच्या गल्लीतलं काही काम होतं का?"

मी नाही म्हटलं. तासाभरात मामांचा मेसेज आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"अरे, एवढा फोन लावलास, तर कोपऱ्यावरच्या दिव्याचं तरी सांगायचंस!"