लॅब आहे, पण पिरियड कुठंय?
खाजगी विनाअनुदानित शाळांत लॅब चांगली असते म्हणून तिथल्या मुलांची बायॉलॉजी पक्की होते असं लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. मी अशाच शाळेत अकरावी-बारावीला शिकवते, मायक्रोस्कोप भरपूर आहेत पण प्रॅक्टिकलचा पिरियड मिळायची मारामार, कारण मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे आणि सगळे एमसीक्यू, त्यामुळे पालकांना टेस्ट सिरीज हवी असते नि मॅनेजमेंट त्यांचंच ऐकतं. बोर्डाचे प्रॅक्टिकलचे ३० मार्क तर मिळणारच असं सगळ्यांनी धरलेलंय.

कांद्याच्या मुळाची स्लाइड घ्या. टोक कापायचं, अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगात जरा गरम करायचं, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबायचं, एवढं करूनही पहिल्या खेपेला बहुतेकांना नुसता लाल चिखल दिसतो, मग परत करतात, आणि एखादीला मेटाफेज या पेशीविभाजनाच्या टप्प्यातले क्रोमोझोम्स मधोमध रांगेत दिसले की अख्खी बॅच त्या मायक्रोस्कोपवर तुटून पडते. ह्याला सलग दोन पिरियड लागतात हो! तयार स्लाइड दाखवून पाच मिनिटांत उरकता येतं, पण मग मेटाफेज त्यांना फक्त पुस्तकातल्या आकृतीतच ओळखता येतो. लेखात लॅबचे फोटो टाकलेत, तसं एकदा टाइमटेबलपण मागून बघा.