सोबत कोण आहे?

सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी करणाऱ्या केंद्राच्या, दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न हाच. नाव नंतर, वय नंतर. आधी ‘सोबत कोण आहे?’ अरे, एचआयव्हीची टेस्ट करायला आलोय, मुलगी बघायला नाही. इथे कोण वरात घेऊन येतं?

मी तिसरीत असताना मेंदूज्वर झाला आणि ऐकणं गेलं. तोवर भाषा आली होती, म्हणून हे एवढं तरी लिहितोय. लग्न ठरतंय, त्याआधी दोघांनीही टेस्ट करायची असं आमचं ठरलं. ती तिच्या गावी करून मोकळी झाली. तिला ऐकू येतं ना.

समुपदेशक मॅडमच्या तोंडावर मास्क. मला ओठ वाचता येतात, कापड वाचता येत नाही. कानाकडे बोट दाखवलं, माझ्या त्या बेसूर आवाजात ‘ऐकू येत नाही’ म्हणून सांगितलं. मास्क जरा खाली घ्यावा की नाही? छे! मॅडम ओरडायला लागल्या. मला कसं कळलं? बाहेर बाकावर बसलेल्यांच्या माना एकदम आत वळल्या. मग मी वही पुढे केली, तेव्हा कुठे प्रश्न कळला: ‘निरोध वापरता का?’ म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात खासगी गोष्ट अख्ख्या पॅसेजला ऐकू गेली, एक मला सोडून.

वहीत दोन ओळी लिहून मॅडम कंटाळल्या. मागे रांग होती, मान्य. त्यांच्यावर एकट्यावर सगळा बोजा, तेही मान्य. पण त्यांनी तिसरी ओळ काय लिहावी? ‘आईला घेऊन या.’

आईला! माझ्या आईला खुणेने ‘जेवलास का’ विचारता येतं, ‘पैसे संपले का’ विचारता येतं. कंडोमची खूण तिला येत नाही, आणि येत असती तरी ती मला तिच्या हातांनी केलेली बघायची नाही. उद्या रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो आधी आईला कळणार आणि मग तिच्या चेहऱ्यावरून मला? एचआयव्ही-एड्सचा कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. समजावून सांगून संमती घ्या, टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशन करा, माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस तिसऱ्याला सांगू नका, सगळं आहे त्यात. मग आई तिसरी नाही? का बहिऱ्याची आई म्हणजे त्याचा कान, तिला कायदा लागू नाही?

मी हटलो नाही. फॉर्मवर सही घेतली (कशावर, ते विचारू नका), बोट टोचलं, तासभर बसवलं. नंबर तोंडी पुकारत होते, म्हणून मी तो तासभर शिपायाच्या ओठांकडे टक लावून बसलो, पापणी न लववता. शेवटी मॅडमनी दारातूनच अंगठा वर करून दाखवला.

अंगठा. झालं माझं टेस्टनंतरचं समुपदेशन.

आता अंगठ्याने विंडो पिरियड कसा सांगणार? लागण झाल्यावर ती टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे आजचं निगेटिव्ह हे अलीकडच्या दिवसांबद्दल काहीच सांगत नाही, तीन महिन्यांनी परत तपासायचं असतं. हे मला घरी येऊन नेटवर वाचावं लागलं. मला वाचता येतं म्हणून. माझा एक मित्र जन्मापासून डेफ, शाळेत मराठी कशीबशी चार वाक्यं शिकवली. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी ‘बी पॉझिटिव्ह’चे सुविचार येतात त्याला. त्याने मला खुणेने विचारलं, पॉझिटिव्ह आलं म्हणजे चांगलं ना? हसू नका. त्याला हे कोणी, कधी, कुठल्या भाषेत सांगितलं होतं?

आणि शंका असली तर? भिंतीवर पोस्टर आहे की, १०९७ वर फोन करा, टोल फ्री. वा! बहिऱ्याला फुकट फोन.

ट्रकवाले, स्थलांतरित मजूर, वेश्याव्यवसायातल्या बायका, सुईने नशा करणारे, सगळ्यांसाठी खास कार्यक्रम आहेत आणि असलेच पाहिजेत. आम्ही दिव्यांग त्या यादीत नाही, कारण आम्ही ‘तसलं’ काही करतच नाही अशी सगळ्यांची ठाम समजूत. व्हीलचेअरवरच्या एका मैत्रिणीला तर तोंडावर विचारलं, ‘तुम्हाला कशाला हवी टेस्ट?’ गतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या वाचतात ना ही माणसं? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार मोजून लिहिलेत, लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचाही उल्लेख आहे. दवाखान्यात त्यातलं पोचलं काय, तर दारातला रॅम्प. आयसीटीसी पहिल्या मजल्यावर.

मी चंद्र मागत नाही. मास्क खाली घ्या, फोनवर टाइप करून दाखवा, दुभाष्याला व्हिडिओ कॉल लावा. नंबर पुकारता तसा पाटीवरही लिहा. खडूला किती पैसे पडतात?

तीन महिन्यांनी परत जायचंय. शंभर पानी वही आणून ठेवलीय. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलंय: सोबत कोणी नाही, आणणारही नाही. पुढचा प्रश्न विचारा.