कँटोनीजसाठी आधी मँडरिन? गरज नाही

हाँगकाँगला नोकरीसाठी निघालेल्या मराठी मंडळींमध्ये एक निरोप सतत फिरतो: "कँटोनीज ही चिनीची नुसती बोली. तिला नऊ सूर, लिपी नाही, शिकायला साधनं नाहीत. आधी मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, शिका, मग कँटोनीज आपोआप येईल." तो वाचून कितीतरी जण सुरुवातच करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'आपोआप' हा यातला सगळ्यात घातक शब्द. नुसतं मँडरिन येणाऱ्याला बाजारातलं कँटोनीज समजत नाही. 'नाही' म्हणायला मँडरिनमध्ये 'पू', कँटोनीजमध्ये नुसता 'म्'. पाहणं तिकडे 'खान', इकडे 'थय्'. झोपणं तिकडे 'श्वे', इकडे 'फन्'. बोलीभाषेतले रोजचे शब्दच वेगळे आहेत. अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था दोन्ही भाषांना सर्वांत अवघड गटात धरते, प्रत्येकीला सुमारे २,२०० तास. मग हाँगकाँगमध्ये राहायचं असताना आधी दुसरीकडून वळसा कशाला? २०२१च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ८८ टक्के लोकांची रोजची भाषा कँटोनीज होती.

आता नऊ सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार. खरे सूर सहा. उरलेले तीन म्हणजे प्, त्, क् वर तुटणारी अक्षरं. त्यांची उंची पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या सुराचीच असते. हे कानात बसवायला तिथे अंकांची एक युक्ती सांगतात: ३, ९, ४, ०, ५, २. साम्, कउ, सेइ, लिंग्, ङ्, यी. हे सहा अंक क्रमाने म्हटले की पहिल्यापासून सहावा सूर होतो. पुढे ७, ८, ६ (छत्, पात्, लुक्) जोडले की ते तीन तुटक सूरही आले. रोज दहा वेळा म्हणा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. सूर हलका घेऊ नका. 'माय्' खालून वर चढवला तर विकत घेणं, खाली सपाट ठेवला तर विकणं.

आणि उच्चारांत तर मराठी माणूस पुढेच आहे. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने युतपिंग ही कँटोनीज उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत आणली. तिच्यातले बी आणि पी म्हणजे आपले 'प' आणि 'फ' (ओठ मिटून म्हटलेला), डी-टी म्हणजे जवळपास त-थ, जी-के म्हणजे क-ख. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो बाराखडीत गिरवलाय. 'साम्' म्हणजे तीन, 'सम्' म्हणजे हृदय. हा तर आपला अ-आच! वाक्याच्या शेवटी येणारे 'ला', 'आ', 'वो' हे अव्ययही 'ये ना', 'ये की', 'ये हं' म्हणणाऱ्याला लवकर कळतात.

लिपी आहे, चिनी अक्षरांचीच. फक्त वर्तमानपत्रं बहुतांशी प्रमाण लेखी चिनीत असतात, बोलतात तसं लिहिलेलं कँटोनीज मेसेज, जाहिराती, कॉमिक्समध्ये सापडतं. त्याची खास अक्षरं संगणकावर यावीत म्हणून हाँगकाँग सरकारने १९९९मध्ये पूरक अक्षरसंचही काढला.

साधनं मँडरिनपेक्षा कमी आहेत, हे मान्य. पण 'नाहीत' हे खोटं. वर्ड्स डॉट एचके या कोशात बोलीतल्या वाक्यांची उदाहरणं मिळतात, प्लेको या चिनी शब्दकोशाच्या ॲपमध्ये कँटोनीज कोश जोडता येतो. वर उल्लेखलेल्या अमेरिकी संस्थेचा १९७०चा पाठ्यक्रम ध्वनिफितींसह जालावर फुकट आहे. त्याची वाक्यं जुनी झालीत आणि रोमन पद्धत वेगळी आहे, तरी सरावाचे पाठ मला आजही फार मोलाचे वाटतात. गाण्यांपासून मात्र सुरुवात नको. त्यांचे शब्द बहुतेक लेखी चिनीतले, फळवाल्याशी बोलताना कुणी ते वापरत नाही. मालिका लावा, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा ऐका आणि पात्रांच्या मागोमाग मोठ्याने म्हणा.