बदाम खायचा की पत्त्यातला?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुण्यात मंडईबाहेर पानांच्या ढिगासमोर उकिडवा बसलो होतो. कानाला फोन, फोनवर साताऱ्याहून आई. तिचा फोन बटणांचा, त्यामुळे फोटो पाठवायची सोय नाही. हुकूम एकच: "आपट्याचीच आण. गेल्या वर्षी कांचन घेऊन आलास."

"पान कसं आहे, सांग."

"बदामासारखं."

"खायचा की पत्त्यातला?"

इथेच माझी दांडी उडाली. आपल्याकडे बदामी आकार म्हणजे पत्त्यातला. खायचा बदाम तसा नसतो. देशी बदामाच्या झाडाचं पान तर मुळीच नाही. ते देठाकडे निमुळतं आणि पुढे पसरट, भातवाढीसारखं. शाळेत याच आकाराला हृदयाकृती म्हणायचे आणि उदाहरण द्यायचे पिंपळाच्या पानाचं. हृदयही तसं नसतं, हे बाबांच्या अँजिओग्राफीच्या वेळी दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलं. पिंपळाचं पान बदामासारखं, बदाम पिंपळाच्या पानासारखा. फिरा गोल.

"पत्त्यातला," मी म्हणालो.

"देठ कुठंय? खाचेत की उलट्या बाजूला?"

"उलट्या."

"मग पिंपळ नाही."

पिंपळ तर मलाही वाटला नव्हता.

आपट्याच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव बाउहिनिया. योहान आणि कास्पार बाउहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडलेलं. एका पानाला दोन सारख्या पाळ्या, म्हणून दोन भाऊ. थोरला १५४१ चा, धाकटा १५६० चा. भावांत एकोणीस वर्षांचं अंतर, पाळ्या मात्र जुळ्या! हे मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "आणि कांचनाची जातकुळी?" तीही बाउहिनियाच. म्हणजे या ज्ञानाचा मंडईत काडीचा उपयोग नाही.

"पान जाड आहे का? आपट्याचं जाड, बुटकं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. त्याच्या विड्या वळतात. कांचनाचं मोठं, मऊ. तळहातावर किती मावतात बघ."

"कुणाच्या तळहातावर?"

"माझ्या."

आता साताऱ्याचा तळहात पुण्यात कुठून आणू? माझ्या हातावर दोन बसली, तिसरं निम्मं लोंबलं. पानवाल्या मावशी एवढा वेळ बघत होत्या. "दादा, सोनं लुटायचंय का जमीन मोजायचीय?"

दोन मावली म्हणताच आईने आपट्यावर शिक्कामोर्तब केलं. मी जुडी पिशवीत टाकून उठणार, तोच ती म्हणाली, "तोरणाला आंब्याची पानंही घे."

मावशींनी लगेच दुसरी जुडी पुढे केली. लांबट, टोकदार, हिरवीगार. फक्त कडा झालरीसारख्या वरखाली गेलेल्या.

"आई, आंब्याच्या पानाची कडा नागमोडी असते का गं?"

पलीकडे बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग बाबांचा आवाज आला.

"अशोकाची आहेत ती, खाली ठेव. आणि तू काय बोललास रे हिला? कपाळाला हात लावून बसलीय."