बोअरच्या पाण्यात मासे जगतात, त्यात लिंबू पिळू नका

रविवारी सकाळी पुण्याजवळच्या वाघोलीहून भाचीचा फोन आला. "मामा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडताहेत." पाण्यात काय घातलंस विचारलं, तर गप्पच. मग ताईने फोन घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यात मासे जगत नाहीत, म्हणून लिंबू पिळा, तुरटी फिरवा, नाहीतर नुसतं आरओचं पाणी भरा. ताईने वीस लिटरच्या टाकीत दोन लिंबं पिळली होती. पाच मॉलींपैकी दोन संध्याकाळपर्यंत गेल्या. तोच मेसेज आठवड्यात मला आणखी तीन ठिकाणी दिसला, तेव्हा आता सविस्तरच लिहितो.

"जड पाण्यात मासे जगत नाहीत." कोणते मासे? फिशबेस नावाची माशांची मोठी माहिती-सूची आहे, कुणालाही उघडून बघता येते. त्यात मॉलीसाठी ११ ते ३० अंश जडपणा दिला आहे. गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेलसाठी ९ ते १९. एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. ताईकडे गेल्यावर मी टेस्ट किटने मोजलं. एकेक थेंब टाकत हलवत राहिलो, अठराव्या थेंबाला नारिंगी पाणी हिरवं झालं. म्हणजे १८ अंश, लिटरमागे ३२० मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो, सगळं खरं. पण मॉलीला हेच पाणी मानवतं. तिला मऊ पाण्यात ठेवलं, तर ती एकाच जागी अंग हलवत राहते आणि हळूहळू खंगते.

आता लिंबू. या एका सल्ल्याचा मला खरा राग आहे. जडपणा असतो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. लिंबू पिळून त्यातला कणभरही बाहेर जात नाही. आम्ल फक्त पाण्यातल्या बायकार्बोनेटशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तेच टाकीत होतं, आणि मासे त्यातच श्वास घेत असतात. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), एकदम खाली येतो. वायू उडून गेला की परत चढतो. वर, उरलेल्या सायट्रिक आम्लावर जिवाणू वाढतात, पाणी दुधाळ होतं आणि ते जिवाणू ऑक्सिजनही खातात. जड पाण्याने जे झालं नव्हतं ते दोन लिंबांनी केलं. व्हिनेगरचंही तेच.

तुरटीने गाळ खाली बसतो, जडपणा जात नाही. सोसायटीचा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. मॉलीला हवं ते काढून घेण्यासाठी खर्च कशाला करायचा?

नुसत्या आरओचा सल्ला मात्र अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. निऑन टेट्रा, कार्डिनल, डिस्कस हे ॲमेझॉन खोऱ्यातले मासे, त्यांना मऊ पाणीच लागतं. तेच हवे असतील तर आरओचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून घ्या. पण नुसतं आरओ नको. त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे टाकीतल्या घाणीतून तयार होणाऱ्या आम्लाने काही आठवड्यांत तो कोसळतो.

वाघोली, उंड्रीकडे राहणाऱ्यांनी सरळ गप्पी, मॉली, प्लॅटी घ्या. गप्पी तर डासांसाठी आरोग्य खातं विहिरीत, हौदात सोडतं, तिथे कोण लिंबू पिळतं? थोडं वेगळं हवं असेल तर बोसेमानी रेनबो आहेत, किंवा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे सिक्लिड. त्या सरोवराचा पीएच ९ च्या आसपास असतो. सिक्लिड मात्र गप्पींसोबत ठेवू नका. वनस्पतींत व्हॅलिसनेरिया जड पाण्यात झकास वाढते.

"पण मग आणलेले मासे दोन दिवसांत का मरतात?" ताईचा प्रश्न रास्त होता. तिने मासे पुणे शहरातून आणले होते. तिथे दुकानाच्या नळाला खडकवासल्याचं पाणी, सह्याद्रीतल्या पावसाचं, मऊ. तिथून पिशवी आणून थेट टँकरच्या पाण्यात ओतली. माशाला धक्का बसतो तो या एकदम झालेल्या बदलाचा, जडपणाचा नाही. पिशवीतले मासे एका भांड्यात घ्या, दर दहा मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी त्यात घाला, तास-दीड तास असंच चालू द्या. मग जाळीने उचलून मासे टाकीत सोडा आणि भांड्यातलं पाणी फेकून द्या.